व्यावसायिक लघुसंदेश आणि कार्यालयीन सहकार्य-मंच : एका एकत्रीकरणाचा ऐतिहासिक आढावा

१. प्रस्तावना

कार्यालयात आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत चढला पाहिजे आणि बाहेर जाणारा प्रत्येक कागद जावक क्रमांक घेऊनच गेला पाहिजे, हा दप्तराचा जुना दंडक आहे. पत्र, तार आणि टेलेक्स या तिन्ही साधनांनी हा दंडक पाळला. मोबाइल दूरध्वनीवरील लघुसंदेशाने, म्हणजेच एसएमएसने, तो प्रथमच मोडला. ग्राहकाचा निरोप कार्यालयाच्या टेबलावर न येता कर्मचाऱ्याच्या खिशात येऊ लागला. कर्मचारी रजेवर गेला की निरोप रजेवर गेला आणि कर्मचारी नोकरी सोडून गेला की सारा पत्रव्यवहारच त्याच्याबरोबर गेला.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स यांसारखे सहकार्य-मंच कार्यालयांत रूढ झाले. व्यावसायिक लघुसंदेश या मंचांना जोडण्याचे प्रयत्नही याच काळात वाढले. वरवर पाहता ही केवळ तांत्रिक सोय वाटते. तथापि, दळणवळणाच्या दीर्घ इतिहासात ठेवून पाहिल्यास तिचा अर्थ अधिक व्यापक असल्याचे दिसते. व्यक्तीच्या ताब्यात गेलेला संदेश पुन्हा संस्थेच्या दप्तरात आणण्याचा तो प्रयत्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रयत्नाचा कालानुक्रमे आढावा घेण्यात आला असून त्यातून उद्भवलेल्या नोंद, संमती आणि विश्वास या तीन प्रश्नांची चर्चा करण्यात आली आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

(अ) तार, टेलेक्स, लघुसंदेश आणि सहकार्य-मंच यांतील ऐतिहासिक सातत्य तपासणे.
(ब) अमेरिका व भारत या दोन देशांत एकत्रीकरणाने वेगळी वळणे का घेतली, याची कारणमीमांसा करणे.
(क) एकत्रीकरणाचे संस्था, कर्मचारी व ग्राहक यांच्या परस्परसंबंधांवर झालेले परिणाम नोंदविणे.

या तंत्रज्ञानाची जडणघडण मुख्यतः युरोप व अमेरिकेत झाल्याने विवेचनाचा मोठा भाग तेथील घडामोडींचा आहे. भारताचा विचार स्वतंत्र परिच्छेदात केला आहे.

३. तार आणि टेलेक्स : कार्यालयाच्या मालकीचा संदेश

भारतात कोलकाता ते डायमंड हार्बर या मार्गावर १८५०-५१ मध्ये तारायंत्राचा प्रयोग झाला. १८५५ पासून ही सेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली. तारेचे शुल्क शब्दांवर आकारले जात असल्याने थोडक्यात लिहिण्याची सवय व्यापाऱ्यांना प्रथम तारेनेच लावली. मोठ्या पेढ्या व कारखाने आपला संक्षिप्त ‘तारेचा पत्ता’ नोंदवून घेत आणि तो पत्रशीर्षावर छापत. एका शब्दाच्या या पत्त्यामागे व्यक्ती नसून संस्था असे, ही बाब येथे विशेष महत्त्वाची ठरते. व्यवस्थापक बदलला तरी तारेचा पत्ता बदलत नसे.

तारेतील मजकूर त्रोटक असल्याने त्याची खातरजमा करण्याची रीतही रूढ होती. शासकीय कार्यालये तार पाठविल्यानंतर तिची प्रत टपालाने स्वतंत्रपणे रवाना करीत. वेगासाठी तार आणि पुराव्यासाठी टपाल, अशी ही विभागणी होती. टेलेक्सने या दोन्ही गरजा एका यंत्रात आणल्या. टेलेक्सवर पाठविलेला मजकूर दोन्ही टोकांना कागदावर उमटे आणि समोरचे यंत्र आपली ओळख सांगणारा ठरावीक संकेत परत पाठवी. त्यामुळे संदेश नेमका कोणत्या कार्यालयात पोहोचला, याचा पुरावा संदेशाबरोबरच तयार होई. वेग, संक्षेप आणि नोंद या तिन्ही गोष्टी टेलेक्समध्ये एकत्र नांदत होत्या. पुढील काळात हे त्रिकूट विस्कटले. भारतातील तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

४. लघुसंदेश : खिशातील निरोप

लघुसंदेशाची कल्पना १९८० च्या दशकात युरोपीय जीएसएम मानकाच्या आखणीतून पुढे आली. जर्मनीतील फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ च्या सुमारास संदेशाची लांबी ठरविताना नेहमीची वाक्ये टंकलिखित करून त्यांतील अक्षरे मोजली. बहुतेक वाक्ये १६० अक्षरांच्या आत बसत असल्याचे त्यांना आढळले. पोस्टकार्डे व टेलेक्स यांवरील मजकुराची लांबीही या निर्णयाच्या पुष्ट्यर्थ पाहण्यात आली. म्हणजेच नव्या माध्यमाचे माप जुन्या माध्यमांवरूनच घेतले गेले होते.

या मापाचा फटका मात्र रोमनेतर लिप्यांना बसला. एका संदेशासाठी १४० बाइट इतकीच जागा उपलब्ध होती. रोमन अक्षरे सात बिटांत बसत असल्याने त्यात १६० अक्षरे मावत. देवनागरीसाठी सोळा बिटांची संकेतप्रणाली वापरावी लागत असल्याने हीच मर्यादा ७० वर येई. शिवाय ‘स्त्री’ हे वाचकाच्या दृष्टीने एकच अक्षर असले तरी संगणक त्याची सहा चिन्हे मोजतो. मराठीतून सूचना पाठविणाऱ्या संस्थेस एकाच मजकुरासाठी दोन किंवा तीन संदेशांचे शुल्क द्यावे लागे. अनेक संस्थांच्या सूचना इंग्रजीतून अथवा रोमन लिपीतील मराठीतून जात राहिल्या, त्यामागे हेही एक आर्थिक कारण होते.

३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या अभियंत्याने इंग्लंडमधील व्होडाफोनच्या जाळ्यावरून रिचर्ड जार्व्हिस यांना नाताळच्या शुभेच्छा देणारा पहिला लघुसंदेश पाठविला. हा संदेश मोबाइलवरून नव्हे, तर संगणकावरून पाठविण्यात आला होता. तत्कालीन मोबाइल संचांवर मजकूर लिहिण्याची सोयच नव्हती. संगणक आणि लघुसंदेश यांची जोडणी ही नंतरची भर नसून ती या माध्यमाच्या जन्मापासूनच अस्तित्वात होती, असे म्हणावे लागते. मोबाइल संचांवर लेखनाची सोय आल्यानंतर मात्र लघुसंदेश व्यक्ती-व्यक्तींमधील संवादाचे साधन बनला आणि कार्यालयापासून दूर गेला.

भारतात मोबाइलवरील पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्यात झाले. त्यानंतरच्या दशकात दूरध्वनीची संकल्पनाच बदलली. पूर्वी दूरध्वनी क्रमांक जागेचा असे, आता तो माणसाचा झाला. पुढील सर्व समस्यांचे मूळ या बदलात आहे.

५. सहकार्य-मंचाची स्वतंत्र वाटचाल

याच काळात कार्यालयांतर्गत सामूहिक संवादाची परंपरा स्वतंत्रपणे विकसित होत होती. तिचा एक आरंभबिंदू अमेरिकन शासनाच्या दप्तरात सापडतो. १५ ऑगस्ट १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी वेतन व किमती ९० दिवसांसाठी गोठविल्या. त्याची अंमलबजावणी करताना देशभर विखुरलेल्या प्रादेशिक कार्यालयांत एकवाक्यता ठेवण्यासाठी मरे टुरॉफ यांनी ‘एमिसारी’ ही संगणकीय प्रणाली उभारली. निरनिराळ्या शहरांतील अधिकारी एकाच ठिकाणी साठविलेली माहिती व संदेश पाहू शकत, त्यात भर घालू शकत आणि मागील नोंदी वाचू शकत. आजच्या सहकार्य-मंचाची मूलतत्त्वे तीत स्पष्ट दिसतात.

पुढे १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ‘इंटरनेट रिले चॅट’ निर्माण केले. विषयवार ‘चॅनेल’ ही कल्पना त्यातून रुळली. स्लॅकचा उगम तर एका अपयशात आहे. स्ट्युअर्ट बटरफील्ड व सहकाऱ्यांच्या ‘टायनी स्पेक’ या कंपनीने काढलेला ‘ग्लिच’ हा संगणकीय खेळ २०१२ च्या अखेरीस बंद करावा लागला. तो तयार करताना आपसांतील संवादासाठी त्यांनी बनविलेले साधन मात्र उपयुक्त ठरले. तेच फेब्रुवारी २०१४ मध्ये स्लॅक या नावाने सर्वांसाठी खुले झाले. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०१६ मध्ये टीम्सची घोषणा केली आणि मार्च २०१७ मध्ये ते उपलब्ध करून दिले.

या मंचांचे सामर्थ्य म्हणजे संवाद सामायिक असणे, शोधता येणे आणि कर्मचारी बदलला तरी टिकून राहणे. त्यांची मर्यादाही उघड होती. मंचावर संस्थेतील माणसे होती, ग्राहक नव्हता. ग्राहक आपल्या मोबाइलवरील लघुसंदेशातच होता.

६. दोन प्रवाहांची जोडणी

ही दरी सांधण्याचे काम टप्प्याटप्प्याने झाले. पहिला टप्पा ई-मेलचा होता. अमेरिकेतील मोबाइल कंपन्यांनी प्रत्येक क्रमांकास एक ई-मेल पत्ता जोडून दिला होता. त्या पत्त्यावर पाठविलेले पत्र लघुसंदेश होऊन मोबाइलवर पोहोचे. अनेक लहान संस्थांनी या मार्गाचा वापर केला. एटी अँड टी या कंपनीने ही सोय जून २०२५ मध्ये बंद केली.

दुसरा टप्पा मोठ्या संस्थांचा होता. लघुसंदेश केंद्राशी संगणक थेट जोडण्यासाठी आयर्लंडमधील अल्डिस्कॉन या कंपनीने ‘एसएमपीपी’ ही संकेतपद्धती विकसित केली होती. बँका, विमानकंपन्या व मध्यस्थ संस्था तिच्या आधारे एका वेळी हजारो संदेश पाठवू लागल्या. परंतु त्यासाठी मोबाइल कंपनीशी करार आणि तज्ज्ञ मनुष्यबळ या दोन्हींची गरज असे.

तिसरा टप्पा २०१० मध्ये सुरू झाला. २००८ मध्ये स्थापन झालेल्या ट्विलिओ या अमेरिकन कंपनीने त्या वर्षी लघुसंदेशाची सेवा प्रोग्रॅमरांना थेट उपलब्ध करून दिली. काही ओळींच्या संगणकीय आज्ञेने संदेश पाठविणे शक्य झाले. कराराची जागा वापरानुसार आकारल्या जाणाऱ्या शुल्काने घेतली. संदेश येताच ठरलेल्या पत्त्यावर आपोआप वर्दी देणाऱ्या ‘वेबहुक’ या पद्धतीमुळे उलट दिशेचा प्रवासही सुलभ झाला.

या पद्धतीची कार्यप्रणाली अशी : ग्राहक संस्थेच्या क्रमांकावर लघुसंदेश पाठवितो. तो मोबाइल कंपनीच्या संदेश-केंद्रातून मध्यस्थ सेवेकडे येतो. मध्यस्थ सेवा सहकार्य-मंचास वर्दी देते आणि संबंधित चॅनेलमध्ये संदेश उमटतो. उपस्थित कर्मचाऱ्यांपैकी कोणीही त्याखाली उत्तर लिहितो. ते उत्तर त्याच मार्गाने उलट जाऊन संस्थेच्या क्रमांकावरून ग्राहकास मिळते. कोणी, केव्हा, काय उत्तर दिले याची नोंद मंचावर राहते. ग्राहकास मात्र एकच क्रमांक दिसतो. तारेच्या पत्त्याचे हे पुनरागमन होय. क्रमांक पुन्हा संस्थेचा झाला.

७. नोंदीचा प्रश्न : अमेरिकन वित्तक्षेत्राचा धडा

एकत्रीकरणाची निकड किती होती, हे अमेरिकन वित्तक्षेत्रातील घटनांवरून ध्यानात येते. तेथील रोखे-दलालांनी व्यवसायविषयक पत्रव्यवहार जतन करावा, असा रोखे व विनिमय आयोगाचा नियम आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आयोगाने जे. पी. मॉर्गन सिक्युरिटीज या संस्थेस १२.५ कोटी डॉलरचा दंड केला. वायदे व्यापार आयोगाने त्याच समूहास आणखी ७.५ कोटी डॉलर दंड केला. कर्मचाऱ्यांनी खाजगी मोबाइलवरील लघुसंदेश, व्हॉट्सॲप व खाजगी ई-मेल यांतून व्यवसायाचा संवाद केला आणि तो जतन झाला नाही, हा ठपका होता. नियमपालनावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी असलेले वरिष्ठही हेच करीत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने आणखी १६ संस्थांवर मिळून ११० कोटी डॉलरहून अधिक दंड आकारला.

या प्रकरणांत संदेशांतील मजकूर हा आरोपाचा मुख्य विषय नव्हता. आरोप होता तो नोंद नसल्याचा. संस्थांनी मनाई करूनही कर्मचारी खाजगी मोबाइलकडे वळले, कारण ग्राहक तेथेच होता. नुसत्या मनाईने काम भागत नाही, सोयीचा अधिकृत मार्गही द्यावा लागतो, हा धडा या घटनांनी घालून दिला.

८. भारतातील वेगळी वाट

भारतात एकत्रीकरणाने निराळे वळण घेतले. त्याचे कारण तंत्रज्ञानात नसून नियमनात आहे. रिझर्व्ह बँकेने २०११ मध्ये कार्डाच्या सर्व व्यवहारांची सूचना ग्राहकास देणे बँकांना बंधनकारक केले. व्यावसायिक लघुसंदेश त्यामुळे दैनंदिन जीवनाचा भाग बनला. दुसरीकडे अनाहूत जाहिरातींचा उपद्रवही वाढला होता. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, डिसेंबर २०१० मध्ये नवे विनियम जारी केले. सप्टेंबर २०११ मध्ये ते पूर्णतः अमलात आले, तेव्हा सामान्य सिमकार्डावरून दिवसाला १०० संदेशांची मर्यादा घालण्यात आली. लवकरच ती २०० करण्यात आली.

जुलै २०१८ च्या विनियमांनी व्यवस्था अधिक काटेकोर केली. संदेश पाठविणारी संस्था, तिचे शीर्षनाम आणि संदेशाचा नमुना या तिन्हींची पूर्वनोंदणी आवश्यक झाली. मार्च २०२१ मध्ये नमुन्यांची छाननी प्रत्यक्ष सुरू होताच नोंदणी नसलेले संदेश अडले. बँकांचे एकवेळचे संकेतांक अनेकांपर्यंत पोहोचेनासे झाले आणि छाननी सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने शीर्षनामापुढे संदेशाचा प्रकार दर्शविणारे अक्षर लावणे बंधनकारक केले.

या व्यवस्थेने ग्राहकाला संरक्षण दिले, परंतु संवादाचे रूपही ठरवून टाकले. अमेरिकेत दहा अंकी साध्या क्रमांकावरून संदेश जात असल्याने ग्राहक त्यालाच उत्तर देऊ शकतो. तेथेही २०२१ पासून अशा क्रमांकांच्या नोंदणीची व्यवस्था लागू होत गेली, तथापि दुहेरी संवाद कायम राहिला. भारतात संदेश अक्षरी शीर्षनामाने येतो आणि त्यास उत्तर देता येत नाही. भारतीय कार्यालयाने लघुसंदेश आपल्या मंचास जोडला तरी तो प्रामुख्याने सूचनाफलक राहतो, संभाषण बनत नाही.

संभाषणाची ही रिकामी जागा व्हॉट्सॲपने घेतली. जानेवारी २०१८ मध्ये लहान व्यावसायिकांसाठी आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोठ्या संस्थांच्या संगणकीय जोडणीसाठी त्याची व्यावसायिक रूपे आली. परंतु असंख्य दुकाने, दवाखाने, पतसंस्था आणि शिक्षणसंस्थाही या अधिकृत मार्गापर्यंत पोहोचल्या नाहीत. त्यांचे काम कोणा कर्मचाऱ्याच्या खाजगी क्रमांकावरून आणि त्याने उघडलेल्या गटावरूनच चालत राहिले. परीक्षेची सूचना लिपिकाच्या मोबाइलवरून विद्यार्थ्यांच्या गटावर जाते, शंका त्याच गटावर विचारल्या जातात आणि उत्तरेही तेथेच दिली जातात. यांपैकी काहीच आवक-जावक नोंदवहीत येत नाही. पुढे वाद उद्भवल्यास सूचना नेमकी केव्हा, कोणी व कोणाच्या अधिकाराने दिली, हे सांगणारे दप्तर संस्थेपाशी नसते. वॉल स्ट्रीटवरील संस्थांना जो प्रश्न भेडसावला, तोच येथे दंडाशिवाय अस्तित्वात आहे.

९. एकत्रीकरणातून उद्भवलेले प्रश्न

असे असले तरी एकत्रीकरण सर्वस्वी निर्दोष आहे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पहिला प्रश्न विश्वासाचा आहे. लघुसंदेश लिहिणारा ग्राहक आपण एका माणसाशी बोलत आहोत, असे समजतो. प्रत्यक्षात त्याचा संदेश चॅनेलमधील सर्व सदस्य वाचतात आणि तो अनिश्चित काळ साठविला जातो. दवाखान्याकडे पाठविलेला आजाराचा तपशील अथवा महाविद्यालयाकडे पाठविलेली शुल्कमाफीची विनंती किती डोळ्यांखालून जावी, याचा विचार जोडणीपूर्वीच होणे अगत्याचे आहे.

दुसरा प्रश्न संमतीचा आहे. अमेरिकेत १९९१ च्या दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायद्यात लघुसंदेशाचा विचारही नव्हता. २००९ मध्ये तेथील एका अपील न्यायालयाने सॅटरफील्ड विरुद्ध सायमन अँड शुस्टर या खटल्यात लघुसंदेशही ‘कॉल’च्या व्याख्येत येतो, असा निर्णय दिला. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम संमत झाला. एका कारणासाठी दिलेला क्रमांक दुसऱ्या कारणासाठी वापरण्याची सैल प्रथा त्यामुळे टिकणारी नाही.

तिसरा प्रश्न कर्मचाऱ्याचा आहे. खाजगी मोबाइलवर काम केल्याने त्याची रात्र व सुटी कार्यालयाच्या ताब्यात गेली होती. संस्थेचा क्रमांक मंचावर आल्याने हे ओझे वाटून घेता येते, हा लाभ निश्चितच आहे. त्याच वेळी कोणी किती मिनिटांत उत्तर दिले, याचे मोजमापही सहज शक्य होते. नोंद ही कर्मचाऱ्याची ढाल ठरते की त्याच्यावरील पाळत, हे तंत्रज्ञान ठरवीत नाही. ते व्यवस्थापन ठरविते.

१०. निष्कर्ष

(१) व्यावसायिक लघुसंदेश व सहकार्य-मंच यांचे एकत्रीकरण ही सर्वस्वी नवी घटना नाही. तार व टेलेक्स यांच्या काळात संस्थेकडे असलेली संदेशाची मालकी मोबाइलच्या प्रसारानंतर व्यक्तीकडे गेली. ती संस्थेकडे परत आणण्याचा हा प्रयत्न आहे.

(२) एकत्रीकरणाचे स्वरूप तंत्रज्ञानाइतकेच नियमनाने घडविले. साध्या क्रमांकामुळे अमेरिकेत लघुसंदेश दुहेरी राहिला. अक्षरी शीर्षनामामुळे भारतात तो एकेरी झाला आणि संभाषण खाजगी मंचांकडे वळले.

(३) केवळ मनाईचे परिपत्रक काढून खाजगी साधनांचा वापर थांबत नाही. अधिकृत मार्ग खाजगी मार्गाइतकाच सोपा असावा लागतो.

(४) नोंद ठेवण्याच्या अधिकाराबरोबर तीन कर्तव्ये येतात. संदेश कोण वाचणार हे ग्राहकास सांगणे, तो किती काळ ठेवणार हे ठरविणे आणि त्या नोंदीचा कर्मचाऱ्याविरुद्ध गैरवापर न होऊ देणे, ही ती कर्तव्ये होत.

आवक-जावक नोंदवही ठेवणाऱ्या जुन्या लिपिकास कोणता कागद कोणाच्या हाती द्यावा आणि कोणता कपाटात बंद ठेवावा, याचे भान असे. नव्या मंचावर नोंद आपोआप होते. हे भान मात्र आपोआप येत नाही. ते निर्माण करण्याची जबाबदारी संस्थेवरच राहते आणि शिक्षणसंस्थाही त्यास अपवाद नाहीत.